बागेपासून परदेशी बाजारपेठेपर्यंत : द्राक्षमाल व माहितीची साखळी

द्राक्ष हे महाराष्ट्रातील बागायतदारांच्या कष्टाचे व कौशल्याचे पीक आहे. एप्रिलमधील खरड छाटणीपासून पुढल्या वर्षी घड उतरेपर्यंत बागायतदारास बागेवरची नजर काढता येत नाही. छाटणी, विरळणी, डिपिंग, फवारणी व पाणी ह्या प्रत्येक बाबतीत वेळ चुकली की वर्षाचे उत्पन्न हातचे जाते. भारतातून परदेशी जाणाऱ्या ताज्या द्राक्षांपैकी फार मोठा भाग महाराष्ट्रातून, आणि त्यातही विशेषेकरून नाशिक जिल्ह्यातून जातो. नेदरलँड्ससारख्या दूरच्या देशांत ह्या मालास चांगली मागणी आहे. परंतु तेथवर केवळ गोड व देखणे घड पोचवून भागत नाही. घडांबरोबर त्यांची माहितीही पोचवावी लागते. ही माहिती खरी व वेळेवर न मिळाल्यास उत्तम मालही बंदरात अडकून पडतो.

माल पुढे नेण्याची व्यवस्था आणि त्या मालाची माहिती सांभाळण्याची व्यवस्था ह्यांचा संबंध कसा असतो, संगणक व इंटरनेट ह्यांचा त्यात कोणता उपयोग होतो, आणि त्यात शेतकऱ्याचा व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचा वाटा कोणता, ह्याचा विचार पुढे केला आहे.

माल आणि माहिती

कोणत्याही व्यापारात तीन गोष्टी एकसारख्या वाहत असतात. माल उत्पादकाकडून ग्राहकाकडे जातो. पैसा ग्राहकाकडून उत्पादकाकडे येतो. आणि माहिती दोन्ही बाजूंनी ये-जा करते. माल किती आहे, कोठे आहे, कसा आहे ही माहिती पुढे जाते. किती हवा, केव्हा हवा व कसा हवा ही माहिती मागे येते. उत्पादक, वाहतूकदार, साठवणूकदार, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार ह्यांच्या ह्या मालिकेस पुरवठा साखळी असे म्हणतात.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पूर्वी गाडी भरून माल निघाला की हुंडेकऱ्याची पावती किंवा बिल्टी बरोबर जात असे. बाजारात माल विकला गेल्यावर आडत्या पट्टी पाठवीत असे. त्या पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई व आडत ह्यांची नोंद असे. बिल्टी म्हणजे मालाबरोबर पुढे जाणारी माहिती, आणि पट्टी म्हणजे मागे येणारी माहिती होय. आजही अनेक बाजारांत ही पद्धत चालू आहे. गावातील माल जवळच्या बाजारात जात असेल तर ती पुरेशीही ठरते. विकणारा व घेणारा एकमेकांस ओळखतात, तक्रार असल्यास दुसऱ्या दिवशी समोरासमोर बोलता येते.

परंतु माल हजारो मैल दूर जाऊ लागला, त्यास वाटेत महिनाभर लागू लागला, आणि एका कंटेनरमध्ये अनेक बागांचा माल एकत्र भरला जाऊ लागला, म्हणजे बिल्टी व पट्टी ह्यांवर भागत नाही. रॉटरडॅमच्या बंदरात पेटी उघडणाऱ्या माणसास निफाड तालुक्यातील बाग ठाऊक नसते. बागायतदारासही तो माणूस ठाऊक नसतो. त्या दोघांमधील ओळखीचे काम नोंदीस करावे लागते.

सन २००३ चा धडा

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांनी १९९० नंतरच्या काळात युरोपच्या बाजारपेठेत पाय रोवण्यास आरंभ केला. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘महाग्रेप्स’ ह्या संस्थेने बागायतदारांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून ह्या कामी मोठा पुढाकार घेतला. शीतगृहे, पूर्वशीतकरणाची सोय व पेट्या भरण्याची नवी पद्धत ह्यांमुळे माल टिकू लागला आणि निर्यात वाढत गेली.

सन २००३ मध्ये मात्र एक गंभीर प्रसंग उद्भवला. नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांच्या काही मालात मिथोमिल ह्या कीटकनाशकाचे अंश ठरलेल्या कमाल मर्यादेपेक्षा अधिक आढळले. त्यामुळे सर्वच भारतीय द्राक्षमालाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. दोष काही मालात होता, पण तो नेमक्या कोणत्या बागांतील होता हे ताबडतोब दाखविण्याची सोय नव्हती. ज्यांनी ते औषध वापरले नव्हते, अशा बागायतदारांपाशीही तसे सिद्ध करण्यास पुरावा नव्हता. दोषी व निर्दोष ह्यांचा माल एकाच नावाने ओळखला जात होता.

ह्या प्रसंगानंतर केंद्र शासनाच्या कृषी व प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाने, म्हणजेच ‘अपेडा’ने, राज्याचा कृषी विभाग व पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ह्यांच्या सहकार्याने उर्वरित अंश तपासणीची योजना हाती घेतली. निर्यातीसाठी बागेची नोंदणी, बागेतील नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी व त्यानंतरच निर्यातीस परवानगी, असा क्रम ठरविण्यात आला. मांजरी येथील केंद्राकडे राष्ट्रीय निर्देशक प्रयोगशाळेचे काम सोपविण्यात आले.

दरम्यान युरोपीय संघाचा अन्नविषयक कायदाही कडक झाला. २००२ साली केलेल्या कायद्यातील तरतुदीप्रमाणे, १ जानेवारी २००५ पासून अन्नपदार्थांच्या प्रत्येक व्यापाऱ्यास, माल कोणाकडून घेतला व कोणास दिला, हे दाखविता येणे बंधनकारक झाले. बागेपासून दुकानापर्यंत मालाचा माग काढता येणे, ह्यास मागोवा क्षमता असे म्हणता येईल.

ग्रेपनेटची रचना

हजारो बागा, अनेक प्रयोगशाळा, पुष्कळ निर्यातदार व थोड्या आठवड्यांचा हंगाम, अशा स्थितीत केवळ कागदपत्रांच्या बळावर मागोवा ठेवणे कठीण होते. अहवाल एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाईपर्यंत घड वेलीवर पिकून जातात. म्हणून ‘अपेडा’ने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ नावाची संगणकीय व्यवस्था सुरू केली. पुढे डाळिंब, आंबा व भाजीपाला ह्यांसाठीही अशाच व्यवस्था उभ्या राहिल्या आणि त्या ‘हॉर्टिनेट’ ह्या एका छत्राखाली आणण्यात आल्या.

ग्रेपनेट म्हणजे एक मोठी सामायिक नोंदवही आहे, असे समजावे. ही नोंदवही एका ठिकाणच्या संगणकात ठेवलेली असते, आणि इंटरनेटच्या साहाय्याने ती अनेकांना आपापल्या जागेवरून उघडता येते. मात्र प्रत्येकास आपल्या अधिकाराचीच नोंद करता येते. बागेची नोंदणी कृषी विभाग करतो. उर्वरित अंशांचा अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा भरते. पेट्यांची माहिती पॅकहाऊसकडून व निर्यातदाराकडून येते. प्रतवारीचे अ‍ॅगमार्क प्रमाणपत्र आणि मालावर रोग-कीड नसल्याचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र त्या त्या अधिकाऱ्यांकडून मिळते.

ह्या रचनेचा मुख्य गुण असा की, एकाने केलेली नोंद दुसऱ्यास पुन्हा लिहावी लागत नाही व ती बदलताही येत नाही. प्रयोगशाळेने अहवाल भरला की तो संबंधितांना त्याच वेळी दिसतो. आधीची पायरी पूर्ण झाल्याखेरीज पुढची पायरी उघडत नाही. बागेची नोंदणी नसेल तर नमुन्याची नोंद होत नाही, आणि नमुना उत्तीर्ण झाल्याशिवाय त्या बागेच्या मालास प्रमाणपत्र मिळत नाही. पूर्वी जे काम एखाद्या दक्ष कारकुनाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असे, ते आता यंत्र नियमाने करते.

एका पेटीचा प्रवास

ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते हे एका कल्पित उदाहरणावरून समजून घेता येईल. समजा, एका बागायतदाराच्या थॉमसन सीडलेस जातीच्या दोन बागा आहेत, एक विहिरीजवळची व दुसरी ओढ्याकाठची. त्याने दोन्ही बागांची निर्यातीसाठी स्वतंत्र नोंदणी केली आहे. प्रत्येक बागेस वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. हा क्रमांक बागेचा असतो, बागायतदाराचा नव्हे, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. दोन बागांतील फवारणी, कीड व घडांची स्थिती निरनिराळी असू शकते, म्हणून त्यांची ओळखही निराळी ठेवावी लागते.

हंगामात बागायतदार प्रत्येक फवारणीची नोंद ठेवतो. कृषी विभागाचे कर्मचारी बागेची पाहणी करतात. काढणी जवळ आली म्हणजे प्रयोगशाळेचा प्रतिनिधी स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. घड निवडण्याचे काम बागायतदाराकडे ठेवलेले नाही, कारण निवडून दिलेला नमुना साऱ्या बागेची खरी स्थिती दाखवीत नाही. नमुन्यावर बागेचा क्रमांक घातला जातो व प्रयोगशाळेत त्यातील अतिसूक्ष्म अंश मोजले जातात.

हे अंश किती सूक्ष्म असतात ह्याची कल्पना असणे उपयुक्त आहे. युरोपीय संघाच्या नियमांत ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरविलेली नाही, त्यास सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकीच मर्यादा लागू होते. ह्याचा अर्थ १०० टन द्राक्षांत एक ग्रॅम. फवारणी पंपाच्या टाकीत मागील औषधाचा थोडा शेष राहिला, किंवा शेजारच्या शेतातील फवारा वाऱ्याने आला, तरी तो प्रयोगशाळेत दिसून येऊ शकतो.

समजा, विहिरीजवळच्या बागेचा नमुना उत्तीर्ण झाला व तेथील ८ टन मालाची नोंद झाली. ओढ्याकाठच्या बागेचा नमुना मात्र अनुत्तीर्ण ठरला. अहवाल भरताच त्या बागेविषयी इशारा संबंधितांना जातो आणि तिच्या मालाची युरोपकडील वाट बंद होते. विहिरीजवळच्या बागेस त्याची झळ लागत नाही. तिचे घड पॅकहाऊसमध्ये जातात, निवडले जातात व पेट्यांत भरले जातात. पेटी ५ किलोची धरली तर ८ टनांच्या १,६०० पेट्या होतात. पेट्या भरल्या जातील तसतसा तेवढा माल त्या बागेच्या नावावरून वजा होत जातो. ओढ्याकाठचे घड ह्याच पेट्यांत मिसळून १,९०० पेट्या करण्याचा कोणी यत्न केल्यास हिशेब जुळत नाही व मालास प्रमाणपत्र मिळू शकत नाही. रोजकीर्द व खतावणी ताडून पाहिल्यावर जशी चूक उघडी पडते, तसाच हा प्रकार आहे.

पेट्या एकावर एक रचून त्यांचा पॅलेट बनवितात व त्यास स्वतंत्र क्रमांक देतात. पॅलेट कोणत्या कंटेनरमध्ये गेला ह्याचीही नोंद होते. अशा रीतीने बाग, नमुना, पेटी, पॅलेट व कंटेनर हे दुवे एकमेकांत गुंफले जातात.

उलट दिशेने शोध

ह्या साखळीचा खरा कस माल पोचल्यावर लागतो. परदेशातील तपासणीत एखाद्या पॅलेटमध्ये दोष आढळला, तर त्याच्या क्रमांकावरून पॅकहाऊस, भरणीचा दिवस, बागेचा क्रमांक व प्रयोगशाळेचा अहवाल इथवर थोड्या वेळात मागे जाता येते. त्याच बागेचा आणखी माल कोणत्या कंटेनरमध्ये आहे हेही कळते. तेवढाच माल बाजूस काढता येतो व उरलेला विकता येतो.

२००३ च्या स्थितीशी तुलना केल्यास ह्यातील लाभ स्पष्ट होतो. त्या वेळी संशयाचे ओझे सर्वांवर पडले. आता दोष जेथे असेल तेथेच थांबविता येतो. काळजीपूर्वक बाग करणाऱ्या शेतकऱ्यास दुसऱ्याच्या चुकीचा दंड भरावा लागू नये, ह्यासाठी त्याच्या बागेची स्वतंत्र व विश्वसनीय ओळख असणे हाच उपाय आहे.

सन २०१० चा प्रसंग

तथापि संगणकीय व्यवस्था असली म्हणजे सर्व धोके टळतात, असे मानणे चुकीचे ठरेल. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या वाढनियंत्रकाचे अंश आढळले. बागायतदारांत ते ‘सीसीसी’ ह्या नावाने परिचित आहे. वेलीची अनावश्यक शाकीय वाढ रोखून घडनिर्मितीस चालना देण्यासाठी त्याचा वापर होत असे. त्याची युरोपातील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० टनांत एक ग्रॅम इतकी होती. परंतु भारतात ज्या रसायनांची तपासणी होत असे त्यांच्या यादीत हे रसायन नव्हते. त्यामुळे प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेला माल परदेशात अडकला. निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले आणि बागायतदारांचे पैसेही अडकले.

ह्या प्रसंगात बागांची नोंद होती, अहवालही होते. व्यवस्थेने जे विचारले त्याचे उत्तर तिला मिळाले. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. पुढे हे रसायन तपासणीच्या यादीत घेण्यात आले. ह्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, यादी दर हंगामास ताडून पाहणे आवश्यक आहे, कारण परदेशातील मर्यादा बदलत असतात. दुसरी, छाटणीनंतर वापरलेल्या वाढनियंत्रकाचीही नोंद कीटकनाशकाइतक्याच काळजीने ठेवली पाहिजे. घडास लागणार नाही म्हणून जे लिहिले जात नाही, तेच कधी कधी घडात सापडते.

मागणीची बातमी कशी फुगते

माहितीच्या साखळीचा उपयोग केवळ औषधांचे अंश शोधण्यापुरता नाही. माल केव्हा व किती तोडावा हे ठरविण्यासही तिचा उपयोग होतो. समजा, परदेशातील एका दुकानसमूहात एका आठवड्यात नेहमीपेक्षा १०० पेट्या अधिक खपल्या. दुकानदार सावधगिरी म्हणून आयातदाराकडे १५० पेट्या अधिक मागतो. आयातदार आपल्या सावधगिरीसाठी निर्यातदाराकडे २०० मागतो. निर्यातदार पॅकहाऊसला २५० पेट्यांची तयारी करण्यास सांगतो. अशा रीतीने बातमी हातोहात फिरताना फुगत जाते. काढणी होऊन माल पोचेपर्यंत मूळची वाढ ओसरलेली असते आणि भाव पडतात. तोडलेला घड पुन्हा वेलीस लावता येत नाही, त्यामुळे ह्या फुगवट्याची किंमत अखेर बागेपर्यंत येते.

ह्यावरील उपाय असा की, दुकानातील खरी विक्री साखळीतील सर्वांना एकाच वेळी दिसावी. दुकानांतील वस्तूंवर जाड-बारीक रेषांची जी खूण असते, तिला बारकोड म्हणतात. जून १९७४ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात एका दुकानात अशी खूण यंत्राने वाचून पहिली विक्री झाली. तेव्हापासून वस्तू विकली गेल्याची नोंद विक्रीच्या क्षणीच होऊ लागली. ही नोंद मागे आयातदार व निर्यातदार ह्यांच्यापर्यंत पोचली तर प्रत्येकास अंदाजाऐवजी आकडा मिळतो, व सावधगिरीसाठी जादा माल मागण्याची गरज कमी होते.

वेळ व तापमान

द्राक्ष तोडल्यानंतर त्याची गोडी वाढत नाही, फक्त त्याचा टिकाऊपणा कमी होत जातो. म्हणून काढणीनंतर लवकरात लवकर माल थंड करणे व पुढे शून्य अंश सेल्सियसच्या आसपास ठेवणे आवश्यक असते. कंटेनरमध्ये तापमानाची नोंद ठेवणारे लहान यंत्र बसविले जाते. वाटेत थंडावा किती तास कमी झाला हे त्यावरून नंतर समजते. माल खराब निघाल्यास दोष बागेचा, पॅकहाऊसचा की वाहतुकीचा, ह्याचा निर्णय त्या नोंदीवर होऊ शकतो. अशी नोंद नसेल तर तोटा साखळीतील सर्वांत दुर्बल घटकावर, म्हणजे बहुधा शेतकऱ्यावर, ढकलला जाण्याचा संभव असतो.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. त्यामुळे २०२४ च्या हंगामात युरोपकडे जाणाऱ्या अनेक जहाजांना आफ्रिकेस वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे जावे लागले, व प्रवास दहा दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत लांबला. अशा वेळी कोणत्या बागेचा माल अधिक दिवस टिकेल, कोणत्या दिवशी तोडलेला माल आधी रवाना करावा, हे निर्णय बागनिहाय नोंदी असल्यासच घेता येतात.

साखळी कोठे तुटते

संगणकात चुकीची नोंद गेली तर संगणक ती चूक वेगाने सर्वत्र पोचवितो. म्हणून साखळीची बळकटी तिच्या पहिल्या दुव्यावर, म्हणजे बागेतील नोंदीवर, अवलंबून आहे. अनुभवास येणारे मुख्य दोष पुढीलप्रमाणे आहेत.

(१) फवारणीची नोंद त्या त्या दिवशी न करता हंगामाच्या अखेरीस एका बैठकीत लिहिली जाते. अशा नोंदीत तारखा व प्रमाणे अंदाजाने पडतात.

(२) औषधाचे केवळ व्यापारी नाव लिहिले जाते. एकाच रसायनाची अनेक व्यापारी नावे असतात. त्यामुळे एकच रसायन नकळत दोनदा फवारले जाते.

(३) काढणीपूर्वी जो प्रतीक्षा काळ पाळावयास हवा तो मोजताना चूक होते. हा काळ शेवटच्या फवारणीच्या तारखेपासून मोजावयाचा असतो, आणि ती तारीखच लिहिलेली नसल्यास तो मोजणार तरी कसा ?

(४) नमुना घेऊन गेल्यानंतर बागेत पुन्हा फवारणी केली जाते. मग अहवाल एका मालाचा व काढणी दुसऱ्याच मालाची, अशी स्थिती होते.

(५) नोंदणीत शेतकऱ्याऐवजी दुकानदाराचा किंवा मध्यस्थाचा मोबाईल क्रमांक दिलेला असतो. त्यामुळे बागेविषयीचा निरोप शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही.

(६) नोंदणी नसलेल्या बागेचा माल शेजारच्या किंवा नातलगाच्या बागेच्या क्रमांकावर पाठविला जातो. क्रमांक उसना देणे म्हणजे आपली सही कोऱ्या कागदावर करून देण्यासारखेच होय. माल सदोष निघाल्यास जबाबदारी क्रमांक ज्याचा त्याच्यावर येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कार्य

ह्या व्यवस्थेत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे स्थान फार महत्त्वाचे आहे. शेतकऱ्याचे शब्द व संगणकातील रकाने ह्यांच्यामधील दुभाष्या तोच असतो. नोंदणीच्या किंवा नूतनीकरणाच्या वेळी सात-बारा उताऱ्यावरील नाव, क्षेत्र व गट क्रमांक अर्जाशी ताडून पाहावेत. नावातील लहानशी तफावतही पुढे प्रमाणपत्राच्या वेळी अडचण करते. आता नोंदणीचा अर्ज मोबाईलवरूनही करता येतो. ज्यांना ते जमत नाही त्यांना शेजारी बसवून करून दाखवावे. अर्ज भरून देण्यापेक्षा तो भरावयास शिकविणे अधिक उपयोगाचे आहे.

हंगामाच्या आरंभी गावात सभा घेऊन, निर्यातीसाठी वापरता येणाऱ्या औषधांची त्या वर्षाची यादी व प्रत्येकाचा प्रतीक्षा काळ वाचून दाखवावा. गेल्या वर्षीची यादी भिंतीवर राहिली असल्यास ती काढून टाकावी. जुनी यादी ही यादी नसण्यापेक्षा अधिक घातक असते. बागेच्या पाहणीच्या वेळी नोंदवही मागून पाहावी, आणि ती कोरी असल्यास रागावण्यापेक्षा आठवत असलेली शेवटची फवारणी तेथेच लिहून घ्यावी.

अनुत्तीर्ण अहवाल आलेल्या शेतकऱ्यास धीर देणे हेही कार्यकर्त्याचे काम आहे. असा अहवाल म्हणजे गुन्ह्याचा शिक्का नव्हे. नियमानुसार पुन्हा नमुना घेता येतो का हे पाहावे. मर्यादा प्रत्येक देशाच्या वेगळ्या असल्यामुळे इतर बाजारपेठांचाही विचार करता येतो. परंतु ज्या मालाविषयी शंका आहे तो कोणाच्याही ताटात जाता कामा नये, मग ते ताट परदेशातील असो की आपल्या गावातील.

शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावे

प्रत्येक बागेची नोंदवही स्वतंत्र ठेवावी. फवारणी संपल्यावर पंप धुण्यापूर्वी तारीख, औषधातील घटकाचे नाव, प्रमाण, पाणी व फवारणीचे कारण लिहावे. औषधाच्या खरेदीची पावती नोंदवहीतच चिकटवून ठेवावी. पंपाची टाकी प्रत्येक वेळी स्वच्छ धुवावी, व भाड्याचा पंप असल्यास आधी त्यात कोणते औषध होते हे विचारावे. नमुना घेतल्यानंतर फवारणी करू नये. आपल्या बागेचा नोंदणी क्रमांक पाठ असावा. तपासणीचा अहवाल निर्यातदाराकडे राहू न देता त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी. कोणत्या दिवशी किती माल उचलला गेला ह्याची पावती घ्यावी आणि पट्टी आल्यावर तिच्याशी ताडून पाहावी.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ही व्यवस्था मालाच्या शुद्धतेची साक्ष देते, भावाची हमी देत नाही. भाव ठरविताना शेतकऱ्यास स्वतः जागरूक राहावे लागते. परंतु आपला माल किती, कोणत्या प्रतीचा व कोणत्या अहवालाचा, हे ज्याच्याजवळ लिहिलेले आहे तो बोलणीस बसताना रिकाम्या हाताने बसत नाही. बागायतदारांनी गटाने किंवा आपल्या उत्पादक संस्थेमार्फत नोंदी ठेवल्यास त्यांचे बळ आणखी वाढते.

संगणक, मोबाईल व इंटरनेट ही साधने मोठी आहेत, पण त्यांतील माहितीचा उगम बागेच्या बांधावर होतो. शेतकऱ्याने फवारणीनंतर लिहिलेली एक ओळ प्रयोगशाळा, पॅकहाऊस, बंदर व परदेशातील दुकान येथपर्यंत प्रवास करते, आणि माल अडला तर त्याच्या बाजूने साक्ष देण्यास तीच परत येते. ही ओळ लिहिण्यास दोन मिनिटे पुरतात. वर्षभराच्या श्रमांचे रक्षण करण्यासाठी तेवढा वेळ प्रत्येक बागायतदाराने अवश्य काढावा.